मोड घालून नवें



गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं नवा फ्रीज आला आणि त्या निमित्तानें एका जुन्या शब्दाकडे माझें लक्ष गेलें. तो शब्द ‘मोड’. हल्लींच्या बोलण्यांत तो बहुधा एकाच वाक्प्रचारापुरता उरला आहे. एखादा कायदा, एखादी चाल, क्वचित् एखादा वयस्क मनुष्यहि आपण ‘मोडींत काढतों’, आणि त्याचा अर्थ निकामी ठरवून बाजूस सारणें असा करतों. ज्या घरांतून तांब्यापितळेचीं भांडीं रोजच्या वापरांत होतीं, त्या घरांत ह्या शब्दाचा अर्थ इतका निराशेचा नव्हता. फुटकीं, चेपलेलीं, गळकीं भांडीं म्हणजे मोड. आणि ती कासाराच्या तराजूंत घालून तिच्या मोबदल्यांत नवीं भांडीं घ्यावयाचीं. ‘मोड घालून नवा हंडा आणला’ असें बायका सांगत, तेव्हां त्यांच्या बोलण्यांत जुना हंडा गेल्याचें दुःख थोडें आणि तो कामास आल्याचें समाधान अधिक असे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तर झालों, आणि हिंगोली जिल्ह्यांतील शिरड शहापूर व आसपासच्या गांवीं मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेण्यांत माझी नोकरी गेली. औंढा नागनाथाहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें गांव आहे. श्रीमल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळें तें यात्रेकरूंना ठाऊक आहे; ज्यांना मंदिर ठाऊक नाहीं त्यांना ह्या बाजूची हळद तरी ठाऊक असते. लढाया आणि तह मीं पुष्कळ शिकविले, पण घरांतील वस्तूंचा इतिहास क्रमिक पुस्तकांत नव्हता म्हणून शिकविला नाहीं. त्यांतला एक लहानसा भाग, म्हणजे जुनी वस्तु देऊन नवी घेण्याच्या रीतीचा इतिहास, आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम फ्रीजच्या दुकानांतील संभाषण सांगितलें पाहिजे, कारण विषय तेथूनच निघाला. विकणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, जुना दिला तर दीड हजार कमी करतो.’’

मीं विचारलें, ‘‘न पाहतांच?’’

‘‘पाहायचं काय त्यात? दार आहे ना, कॉम्प्रेसर आहे ना? झालं तर.’’

‘‘आणि तो पुढें जातो कोठें?’’

‘‘ते आम्हाला काय माहीत, गुरुजी? गाडी येती, घेऊन जाती.’’

मुलगा प्रामाणिक आहे. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतें. परंतु माझ्या आजीला हें उत्तर चाललें नसतें. जुन्याचें वजन किती, भाव काय, तूट किती आणि माल जाणार कोठें, एवढें समजल्यावांचून ती मोड हातावेगळी करीत नसे.

हा मोडीचा व्यवहार कसा होई तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण तो पाहिलेलीं माणसें आतां विरळ होत चाललीं आहेत. कासाराकडे दोन भाव असत, एक नव्या भांड्याचा आणि एक मोडीचा. दोहोंमधील अंतरांत कारागिराची घडणावळ आणि दुकानदाराचा नफा दोन्ही येत. जुनें भांडें प्रथम वाजवून पाहत. तांबें, पितळ आणि कांसें ह्यांचा नाद निरनिराळा. मग डाख शोधीत. भांडें पूर्वीं गळूं लागलें म्हणून त्याला डाख दिलेला असला, तर तो धातु हलका, म्हणून तेवढें वजन तुटींत धरीत. कडीला किंवा कांठाला लोखंड असलें तर तें काढून ठेवीत. बुडाला चुलीचा काळा थर असे, तो खरवडल्याशिवाय भांडें तराजूंत घालूं देत नसत, आणि ह्या खरवडण्यावरून जी बाचाबाची होई ती ऐकण्यासारखी असे. आजी म्हणे, ‘‘ती काजळी न्हवं, माज्या सासूचा संसार हाय. धरा त्याचंबी वजन.’’ कासार हंसे, पण काजळी धरीत नसे.

सौदा दोघांच्या डोळ्यांदेखत होई ही त्यांतली मुख्य गोष्ट. दुसरी गोष्ट अशी कीं, मोडीचें पुढें काय होणार हें लहान पोरालाहि ठाऊक असे. ती भट्टींत जाणार, तिचा पत्रा होणार आणि पत्र्याचें भांडें होणार. नासिक, भंडारा, पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी हीं ह्या धंद्याचीं नांवाजलेलीं ठिकाणें. मुंबईंत पायधुणीजवळच्या एका भागाला तर ‘तांबा काटा’ असेंच नांव आहे. काटा म्हणजे वजनाचा तराजू.

तांब्याला एवढा मान कां? तर तें आपल्याकडे गरजेइतकें निघत नसे, बाहेरून आणावें लागे. सतराव्या शतकांत डच कंपनी जपानचें तांबें हिंदुस्थानच्या बंदरांत आणून विकीत असे. पुढें अठराव्या शतकांत इंग्रजांच्या कंपनीनें आपल्या देशांतील तांबें आणून ती बाजारपेठ हळूहळू आपल्या हातीं घेतली. असें सात समुद्र ओलांडून आलेलें तांबें एकदां घाट चढून आंत आलें म्हणजे सहसा परत जात नसे. हंडा झिजला कीं त्याची मोड होई, मोडीचा दुसरा हंडा होई. नाणें चलनांतून गेलें म्हणजे तेंहि भट्टीची वाट धरी. तेव्हां आमच्या एखाद्या कळशींत थोडें जपान, थोडें इंग्लंड आणि कदाचित् एखादी शिवराई एकत्र नांदत असेल. दुसऱ्या महायुद्धांत हेंच तांबें वाचविण्यासाठीं सरकारनें १९४३ पासून मध्यें भोंक असलेला पैसा काढला. गळ्यांत दोरा ओंवून तो घालणारीं मुलें होतीं असें वडील सांगत.

आमचा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें हाली सिक्का चाले, आणि सात हाली म्हणजे सुमारें सहा कलदार असा हिशेब असे. इंग्रजी मुलखांतून येणाऱ्या मालाचा भाव कलदारांत बोलायचा आणि हातांत नाणें हाली, म्हणून मोड घालणाऱ्या बायकांचा तोंडी हिशेब आमच्या चौथीच्या वर्गापेक्षां पक्का होता. असो.

भांड्यांवर नांव घालण्याची चाल आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोणीं, कोणाला, कोणत्या कार्यांत दिलें तें टोंचणीनें ठिपके पाडून लिहीत, बहुधा सालासह. राजांनीं दिलेल्या दानांचे ताम्रपट आपण पदार्थसंग्रहालयांत कांचेखालीं ठेवतों. हे घरोघरचे ताम्रपट मात्र कोणी वाचीत नसे आणि मोडीच्या दिवशीं ते वितळून जात. माझ्या आईच्या लग्नांत तिच्या मामांनीं दिलेला एक तांब्याचा हंडा आमच्या घरीं होता. त्यावर मामांचें नांव, आईचें माहेरचें नांव आणि शके १८७३ एवढें कोरलेलें होतें. अक्षरें जुळवून वाचण्याचा माझा पहिला पाठ पाटीवर झाला नाहीं, त्या हंड्यावर झाला.

१९७२ सालीं पाऊस पडला नाहीं. त्याच्या आधींचीं वर्षेंहि ओढग्रस्तीचींच गेलीं होतीं. तो दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांना खडी फोडण्याचीं कामें, सुकडीच्या रांगा आणि अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो हीं तीन नांवें पुरे आहेत. मी त्या वेळीं बारा वर्षांचा होतों. घरांतील पितळ एकेक करून वसमतच्या बाजारांत गेलें आणि शेवटीं हंडा निघाला. तो आई आणि मी दोघांनीं मिळून नेला. कासारानें वाजवला, तोलला, साडेपांच किलो भरला. मग त्याचें लक्ष नांवाकडे गेलें. तो म्हणाला, ‘‘बाई, नाव आहे ह्याच्यावर. पाऊसपाणी होईस्तोवर तसाच ठेवू का?’’ आई थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘‘मोडा. ठेवलात तर जीव इथंच राहील माझा.’’ त्यानें हंडा आडवा घातला आणि हातोड्यानें चेपला. दोन घावांत तो बसला, तिसऱ्यांत सपाट झाला. परत येतांना धान्याचें ओझें माझ्या डोक्यावर असल्यामुळें मला रडतां आलें नाहीं, असें मी मित्रांना पुष्कळ वर्षें सांगत असें; वास्तविक मी वाटभर रडलों.

तीन वर्षांनीं, हातांत चार पैसे आल्यावर, त्याच दुकानांतून आईनें पितळेची एक लहान घागर घेतली. तिनें कासाराला विचारलें, ‘‘ह्यात आमचा हंडा असेल का हो?’’ पितळेंत तांबें असतेंच, त्यामुळें प्रश्न अगदींच वेडा नव्हता. कासार म्हणाला, ‘‘असंल बी, बाई.’’ ती घागर आजहि आमच्या घरीं आहे.

पुढें शाळेची सहल घेऊन मी पुण्यास गेलों, तेव्हां राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलें. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) ह्यांनीं सुमारें १९२० पासून घरगुती वस्तु जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, भांडीं, दारें, वाद्यें अशा वस्तु, ज्यांना इतर लोक मोडीच्या किंवा सरपणाच्या भावानें देत होते, त्या त्यांनीं गांवोगांव हिंडून आणल्या. अल्पवयांत गेलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाचें स्मारक म्हणून त्यांनीं संग्रहालयाला त्याचें नांव दिलें, आणि १९७५ सालीं हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मुलें वाद्यांच्या दालनांत रमलीं होतीं. मी भांड्यांवरचीं नांवें वाचीत फिरत होतों. सपाट झालेला हंडा तेथें सांपडणार नाहीं हें मला कळत होतें. तरी वाचीत होतों.

आतां पुढच्या काळाकडे वळतों. अ‍ॅल्युमिनियमचीं भांडीं आपल्या देशांत १८९८ पासून मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटरटन ह्यांच्या देखरेखीखालीं होऊं लागलीं. आमच्याकडे त्यांना ‘जर्मनचीं भांडीं’ म्हणत, आणि कां म्हणत ह्यावर शिक्षकांच्या खोलींत आम्हीं दोन दुपारी घालविल्या आहेत. नंतर स्टील आलें. १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यांनीं न गंजणारें पोलाद तयार केलें, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यानें आपल्या मांडण्या भरून काढल्या. त्याला कल्हई नको, चिंच नको, राख नको. शहरांतील भगिनींना बोहारीण आठवत असेल. जुनीं लुगडीं, पातळें, कोट घेऊन तिच्या टोपलींतून स्टीलचें पातेलें उतरे, आणि तिच्याशीं घातलेली हुज्जत शेजारणींना आठवडाभर पुरे. कल्हईवाल्याचा भाता मात्र ह्या स्टीलनेंच बंद पाडला.

आमच्या घरांतलें पहिलें यंत्र म्हणाल तर तो तांब्याचा बंब. मध्यें निखाऱ्याची नळी, तिच्या भोंवतीं पाणी, खालीं पितळेची तोटी. १९८५ सालीं वीज नियमित झाल्यावर आम्हीं बंब मोडींत घातला आणि पाण्यांत सोडावयाचा विजेचा हीटर आणला. मोड म्हणून बंबाचे जे पैसे आले त्यांत हीटर येऊन वर एक बादली आली. हीटर दोन वर्षांत जळाला. त्याची मोड घ्यावयास कोणी तयार होईना. भंगारवाल्यानें तो हातांत घेऊन पाहिला आणि परत दिला. जुनी वस्तु देऊं केली असतां ती नको म्हणून परत येते, हा अनुभव आमच्या घराण्याला नवा होता.

ज्या यंत्रांतून आपण मला ऐकत आहां त्याची कथाहि पाहण्यासारखी आहे. वडिलांनीं घेतलेला मर्फीचा मोठा रेडिओ बंद पडला, तेव्हां तो वसमतच्या दुरुस्तीवाल्यानें घेतला. त्यानें व्हॉल्व्ह एका ग्राहकाच्या रेडिओंत बसविले, स्पीकर दुसऱ्याच्या, ट्रान्सफॉर्मरवरची तांब्याची तार उलगडून तिसऱ्या कामास लावली आणि लांकडी पेटींत स्वतःचीं हत्यारें ठेवलीं. हीसुद्धां एक प्रकारची मोडच झाली. फरक एवढा कीं, कासार धातु मोजी आणि दुरुस्तीवाला अवयव मोजी. ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, पुढें त्यांतील सगळे भाग एकाच पट्टीवर चिकटलेले येऊं लागले, तेव्हां अवयव सुटे निघेनात आणि दुरुस्तीवाल्याचा हात थांबला.

नेमकें ह्याच सुमारास मोडीचा व्यवहार निराळें रूप घेऊन परत आला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, परदेशी कंपन्यांना बाजार मोकळा झाल्यावर, अकाईसारख्या टीव्हीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत पानभर येऊं लागल्या. जुना टीव्ही आणा, इतके रुपये वजा करून नवा न्या. लोकांना ही कल्पना अमेरिकेची वाटली. मला ती आजीची वाटली. मात्र आजीच्या व्यवहारांत आणि ह्यांत एक भेद होता, आणि तो मला उशिरां उमगला. ह्यांत तराजू नव्हता. जुना संच चालतो कीं बंद आहे, लहान आहे कीं मोठा, ह्याची विचारपूस बेताचीच. जे पैसे वजा होत ती जुन्याची किंमत नव्हती. ती नव्यावरची सूट होती आणि तिला जुन्याचें नांव दिलें होतें. जुन्या संचाला खरोखर भाव असता तर दुकानदारानें तो तोलून घेतला असता.

बरें, भाव नाहीं म्हणून त्यांत कांहीं नाहीं असेंहि नाहीं. जुन्या टीव्हीच्या जाड कांचेंत शिसें असतें. सर्किटच्या पट्टींत तांबें असतें, थोडें सोनें-चांदीहि असतें. तें काढावयाचें कसें, हा प्रश्न. उत्तर प्रदेशांतील मुरादाबाद हें पितळेच्या कामाचें जुनें आणि जगभर गाजलेलें शहर. तेथील कारागिरांना भट्टी आणि धातु दोन्ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचीं. एकविसाव्या शतकांत त्याच शहरांत देशभरच्या जुन्या यंत्रांच्या पट्ट्या येऊं लागल्या. त्या उघड्यावर जाळीत, आम्लांत बुडवीत, राख धुऊन धातु गाळीत. रामगंगेच्या कांठीं काळ्या राखेचे ढीग सांचले, आणि अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला त्यांत लक्ष घालावें लागलें. दिल्लींतील सीलमपूर येथें हीच यंत्रें हातोडीनें सुटीं करण्याचा मोठा बाजार आहे. म्हणजे मोड संपली नाहीं. ती कासाराच्या दुकानासमोरून उठून आपल्या नजरेआड गेली. पूर्वीं बुडाच्या काजळीवरून आजी भांडत असे. आतांची काजळी ज्यांच्या छातींत जाते तीं माणसें आपण कधीं पाहतहि नाहीं.

फ्रीजची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. आपल्या देशांत गोदरेज कंपनीनें पहिला फ्रीज १९५८ सालीं तयार केला. त्याच्याहि पूर्वीं, पाश्चात्य देशांतील पहिल्या फ्रीजमध्यें अमोनिया किंवा गंधकाचा विषारी वायु असे, आणि तो गळून घरांतलीं माणसें दगावत. म्हणून १९३० च्या सुमारास अमेरिकेंत टॉमस मिज्ली ह्यांच्या प्रयत्नांनीं फ्रेऑन नांवाचे वायु पुढें आले. विष नाहीं, वास नाहीं, पेट घेत नाहीं. मोठा सद्‌गुणी वायु म्हणून त्याचें स्वागत झालें. १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड ह्या दोन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, हा वायु वर जाऊन सूर्याच्या तीव्र किरणांपासून आपलें रक्षण करणारा ओझोनचा थर नासवितो. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील थराला पडलेलें खिंडार जगाला समजलें. १९८७ च्या १६ सप्टेंबरला माँट्रियल येथें राष्ट्रांचा करार झाला. भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला, आणि १ जानेवारी २००३ पासून नव्या फ्रीजमध्यें हा वायु भरण्यास बंदी झाली. आमचा फ्रीज १९९६ चा. त्याच्या पाठीमागच्या पत्र्यावर ‘आर-१२’ असें छापलें आहे, म्हणजे तोच सद्‌गुणी वायु. तो पुष्टपणें बंद नळींत आहे तोंवर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु भंगारांत गेलेल्या फ्रीजची पहिली तोडतात ती नळीच, कारण ती तांब्याची असते आणि कॉम्प्रेसरमध्येंहि तांब्याची तार असते. एक घाव, एक फुसकारा, आणि तो वायु पुढचीं सुमारें शंभर वर्षें वातावरणांत फिरावयास मोकळा. त्या घावाची किंमत दीड हजारांत धरलेली नाहीं.

ह्या बाबतींत कायदा मुळींच नाहीं असें कोणी समजूं नये. केंद्र सरकारनें ई-कचऱ्याचे नियम २०११ सालीं केले, ते १ मे २०१२ पासून अमलांत आले. २०१६ आणि २०२२ सालीं ते नव्यानें करण्यांत आले, आणि शेवटचे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांचें तत्त्व असें कीं, ज्यानें वस्तु बनविली त्यानेंच ती जुनी झाल्यावर तिची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी घ्यावी. तत्त्व मला फार आवडलें. कासार स्वतःच्या विकलेल्या भांड्याची मोड स्वतः घेई, तेंच हें, सरकारी भाषेंत. उणीव आहे ती अंतराची. नियम दिल्लीस होतात आणि आमच्या दारावर येते ती भंगारवाल्याची हातगाडी. तिला आतां भोंगा आहे. त्यांत एकच आवाज दिवसभर ओरडतो. त्या गाडीवाल्याला दोष देण्यास माझी जीभ वळत नाहीं. गांवाचें लोखंड, पत्रा, प्लॅस्टिक आणि रद्दी तो उचलतो म्हणून आमचे उकिरडे आटोक्यांत आहेत. त्याला कोणीं शिकविलें नाहीं, आणि वायु शोषून घेणारें यंत्र कोणीं दिलें नाहीं, ह्यांत त्याचा अपराध कोणता?

तेव्हां मीं दीड हजार घेतले नाहींत. विद्यार्थ्याला वाटलें गुरुजी हिशेबांत चुकले. घरांत ह्यावरून जें बोलणें झालें तें नभोवाणीवर सांगण्यासारखें नाहीं. एवढेंच सांगतों कीं, दीड हजारांत काय काय आलें असतें ह्याची यादी मला अद्यापि पाठ आहे. वसमतला फ्रीज दुरुस्त करणारा एक होतकरू तरुण आहे. त्याला मीं विचारलें, ‘‘आंतला वायु बाटलींत काढून घेतां येईल का?’’ तो म्हणाला, ‘‘येतो गुरुजी, पण ते मशीन आमच्याकडं नाही. आम्ही सोडूनच देतो.’’ मग मीं फ्रीज ज्या कंपनीचा, तिला रीतसर पत्र लिहिलें. संचाचा क्रमांक, खरेदीचें साल, वायूचा प्रकार आणि आमच्या घरापर्यंत येण्याचा रस्ता असें सगळें त्यांत लिहिलें. पंधरा दिवसांनीं दूरध्वनि आला. बाई मोठ्या सौजन्यानें बोलल्या. एका फ्रीजसाठीं गाडी पाठवितां येत नाहीं, ह्या भागांतले पुरेसे जमले म्हणजे कळवूं, असें त्यांनीं सांगितलें.

जुना फ्रीज सध्यां पडवींत उभा आहे. त्याचें दार मीं पहिल्याच दिवशीं काढून टाकलें, कारण टाकलेल्या फ्रीजमध्यें लपलेलीं मुलें आंत कोंडून गुदमरल्याचे प्रकार पूर्वीं अमेरिकेंत इतके झाले कीं, दार आंतून उघडलें पाहिजे असा कायदा तेथें १९५६ सालीं करावा लागला. आणि आमच्या पडवींत लपंडाव खेळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बिनदाराच्या कप्प्यांत सौभाग्यवतीनें बेण्याच्या हळदीच्या पिशव्या आणि लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. गल्लींतील आणखी दोघांचे जुने फ्रीज निघावयाचे आहेत. त्यांना मीं थांबावयास सांगितलें आहे. तीन झाल्यावर पुन्हां पत्र लिहिणार आहें.